मँचेस्टरची काळी तबकडी

'इनसाइट' हे गाणं सुरू होण्याआधी एक लिफ्ट ऐकू येते. आधी तिची घरघर, मग लोखंडाचा खडखडाट, आणि त्यानंतर बऱ्याच लांबून आल्यासारखी बेस गिटार. ही लिफ्ट ध्वनींच्या कुठल्या साठ्यातून उचललेली नाही. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट शहरातल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओची ती स्वतःची लिफ्ट. एप्रिल १९७९ मध्ये मार्टिन हॅनेट या निर्मात्याने स्टुडिओ सोडून थेट लिफ्टच टेपवर घेतली. याच गाण्यासाठी त्याने गायकाचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून फिरवून आणला. गायक दोन पावलांवर उभा होता, उत्तम मायक्रोफोन हाताशी होता, तरीही हॅनेटला तो आवाज दूरचा हवा होता.

ज्या तबकडीत हे गाणं आहे तिचं नाव 'अननोन प्लेझर्स'. बँडचं नाव जॉय डिव्हिजन. १५ जून १९७९ रोजी मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीने ती बाजारात आणली. गाणी दहा, एकूण वेळ चाळीस मिनिटांच्या आत. तबकडीच्या दोन बाजूंना 'ए' आणि 'बी' म्हणण्याऐवजी 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' अशी नावं दिलेली. पहिल्या खेपेला दहा हजार प्रती काढल्या आणि त्याही लगेच खपल्या नाहीत. आज मात्र काळोख्या, वातावरणातून बोलणाऱ्या रॉक संगीताचा उगम सांगताना सगळे या तबकडीपाशी येऊन थांबतात.

काळोखी म्हणून गाजलेल्या तबकड्या पुष्कळ आहेत. बहुतेकींचा काळोख शब्दांत असतो: मृत्यू, सैतान, स्मशान, विरह. 'अननोन प्लेझर्स'मधला काळोख आधी वाद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे, शब्दांत तो नंतर येतो. ती मोकळी जागा हॅनेटने यंत्रांनी घडवली, पण त्याला ती सुचली ती अवतीभवतीच्या शहराकडे पाहून, असं मी मानतो. गिरण्या बंद पडलेलं शहर कसं असतं हे मराठी माणसाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. म्हणूनच ही परदेशी तबकडी मराठीत नीट उलगडून सांगावी असं मला वाटतं.

मँचेस्टरशी आपलं नातं कापसाचं. लँकेशायरच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरचे साचे थांबले. कामगारांची उपासमार झाली. त्या चार-पाच वर्षांत मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाच्या गाठींना असा भाव आला की मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि बॅक बेच्या भरावावर लावलेले शेअर मातीमोल झाले. पुढे वऱ्हाडचा कापूस भराभर बंदराला यावा म्हणून १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला. दुसऱ्या बाजूने मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागल्या. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. अशा गिरण्यांना लागणारी यंत्रं येत ती लँकेशायरमधूनच, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांकडून. गिरणगावातला भोंगा आणि मँचेस्टरचा भोंगा एकाच घराण्यातले.

विसाव्या शतकात लँकेशायरचा धंदा उतरणीला लागला. जपान आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांनी त्यांची बाजारपेठ खाल्ली, आणि १९६० व १९७० च्या दशकांत उरल्यासुरल्या गिरण्याही एकामागून एक बंद झाल्या. गिरण्यांच्या सावलीत ओळीने बांधलेली विटांची कामगारवस्ती नगरपालिकांनी झोपडपट्टी ठरवून पाडली. लोकांना काँक्रीटच्या उंच इमारतींत हलवलं. मँचेस्टरच्या ह्यूम भागात १९७२ च्या सुमाराला पुऱ्या झालेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या अजस्र इमारती काही वर्षांतच राहायला नकोशा झाल्या. जॉय डिव्हिजनचा गिटारवादक बर्नार्ड समनर शेजारच्या सॅल्फर्डचा. आपली गल्ली, शाळा, शेजारपाजार सगळं पाडलं गेलं आणि लहानपणीच्या जागेपैकी काहीच उरलं नाही, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. बेसवादक पीटर हूक हाही सॅल्फर्डचाच. गायक इयन कर्टिस आणि ड्रमर स्टीफन मॉरिस जवळच्या मॅकल्सफील्डचे, आणि ते गाव रेशमाच्या गिरण्यांचं.

या चौघांपैकी कुणाचंही संगीताचं शिक्षण म्हणावं असं झालेलं नव्हतं. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच. समनर आणि हूक त्यांत होते. वाजवता न येणाऱ्यांनीही मंचावर उभं राहावं, हे त्या रात्री त्यांनी पाहिलं आणि हूकने दुसऱ्याच दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली. हा हॉल ज्या फ्री ट्रेड हॉलच्या इमारतीत होता ती मुळात मुक्त व्यापाराच्या, म्हणजे पर्यायाने कापूसवाल्यांच्या विजयाचं स्मारक म्हणून बांधलेली. १८१९ मध्ये मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या कामगारांवर घोडदळ घातलं गेलं ते पीटरलूचं मैदानही तेच. पंक संगीताने त्या शहरात मूळ धरलं ते अशा जागेवर.

बँडचं पहिलं नाव वॉर्सा, डेव्हिड बोवीच्या 'लो' या तबकडीतल्या एका रचनेवरून घेतलेलं. १९७८ च्या सुरुवातीला ते बदलून जॉय डिव्हिजन झालं. हे नाव नाझी छळछावण्यांवरच्या एका कादंबरीतून आलं. छावणीत स्त्रियांना ज्या विभागात वेश्याव्यवसायाला जुंपलं जाई, त्याचं ते नाव. या निवडीबद्दल बँडवर तेव्हाही टीका झाली आणि ती योग्यच होती असं मला वाटतं. विशीतल्या पोरांनी धक्का द्यायला उचललेलं नाव होतं ते, त्यामागे फार विचार नव्हता.

फॅक्टरी रेकॉर्ड्सचा कर्ता टोनी विल्सन हा ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरचा निवेदक. त्याचा सहकारी ॲलन इरास्मस याला एक कारखाना बंद होत असल्याची पाटी दिसली आणि त्यावरून हे नाव सुचलं, असं सांगितलं जातं. शहरात कारखाने बंद होत असताना आपण एक उघडू, असा त्यातला हट्ट. पदरचे पैसे घालून विल्सनने या पोरांची तबकडी काढायचं ठरवलं आणि निर्माता म्हणून हॅनेटला बोलावलं.

आता स्टुडिओत जाऊ, कारण या तबकडीचा खरा मुद्दा तिथेच आहे.

मंचावरचा जॉय डिव्हिजन कर्कश होता. समनरचा ॲम्प्लिफायर इतका मोठा वाजे की हूकला स्वतःची बेस ऐकू येईना. खालच्या जाड तारांवर वाजवलेलं सगळं गिटारच्या गोंगाटात बुडे, म्हणून हूक वरच्या तारांकडे सरकला. अडचणीतून निघालेल्या या वाटेने पुढे रॉकमधल्या वाद्यांची उतरंडच बदलली. एरवी बेसने खाली राहून ताल आणि आधारस्वर सांभाळायचा आणि गिटारने वर चाल वाजवायची, असा रिवाज. जॉय डिव्हिजनमध्ये चाल बेसकडे आली. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' ऐका: गुणगुणता येईल अशी जी ओळ कानात राहते ती बेसची आहे. गिटार मधूनमधून येते, ओरखडे काढते आणि निघून जाते. मॉरिसचे ड्रम यंत्रासारखे, एका मापात. जर्मनीच्या क्राफ्टवर्कचा तो चाहता होता आणि ते कळतं.

एवढं साहित्य घेऊन हे चौघे स्ट्रॉबेरीत आले. हॅनेट मूळचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. आवाजाच्या बाबतीत तो प्रयोगशाळेत असल्यासारखा वागे. मॉरिसला त्याने ड्रम सुटे करायला लावले आणि एकेक भांडं वेगवेगळं वाजवून घेतलं. म्हणजे पूर्ण गाणंभर फक्त स्नेअर, मग पूर्ण गाणंभर फक्त बास ड्रम. ज्याने ताल एकसंध वाजवायचा त्याच्यासाठी हा जाचच, पण हॅनेटला एका ड्रमच्या आवाजात दुसऱ्याची सळसळही मिसळलेली नको होती. प्रत्येक ठोका स्वच्छ, एकटा हवा होता. एकटा ठोका हाती आला की त्याच्याभोवती हवी तेवढी मोकळी जागा उभी करता येते.

ही जागा उभी करायची कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. आपण टाळी वाजवली आणि समोरची भिंत १७ मीटरवर असेल, तर आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. मूळ आवाज आणि त्याचं पहिलं परतणं यांतल्या या फटीवरून मेंदू खोलीचा आकार ठरवतो. आपल्या नकळत, डोळे मिटलेले असतानाही. बँकेच्या तिजोरीत, विहिरीच्या काठावर, मोकळ्या गोदामात आपण कुठे आहोत हे कानाला कळतं ते यामुळे. हॅनेटकडे बर्नलीच्या एएमएस कंपनीचं डिजिटल डिले नावाचं नवंकोरं यंत्र होतं. ते आवाज साठवून ठेवी आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने ठरवलेल्या वेळानंतर परत सोडी. म्हणजे नसलेली भिंत पाहिजे तितक्या अंतरावर उभी करणारं यंत्र. हॅनेटने स्नेअरला एक खोली दिली, गायकाच्या आवाजाला दुसरी, गिटारला तिसरी. चारही माणसं एकाच गाण्यात आहेत, पण एका खोलीत नाहीत. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण अंगावर गारवा येतो तो या विसंगतीमुळे.

याच्या जोडीला आजूबाजूचे आवाज. शेवटच्या 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये काचा फुटतात, आणि त्या स्टुडिओत खरोखर फोडलेल्या बाटल्या आहेत. त्याच गाण्यात समनरने सुट्या भागांचा संच आणून घरी जुळवलेला सिंथेसायझर रेंगाळतो. हॅनेट स्टुडिओत गारठा वाढवून ठेवी, म्हणजे पोरं कंटाळून बाहेर जातील आणि मिश्रण करताना मध्ये बोलणार नाहीत, असं हूक सांगतो. तबकडी तयार झाल्यावर हूक आणि समनर दोघांनाही ती आवडली नाही. त्यांना मंचावरचा दणका हवा होता आणि हाती आलं होतं हे थंड, विरळ, अंतर राखणारं काहीतरी. हूकने पुढे मोकळेपणाने कबूल केलं की हॅनेटचं बरोबर होतं. माझंही तेच मत आहे. दणक्याची तबकडी त्या वर्षी इंग्लंडमध्ये कुणीही काढली असती.

आवाजातल्या अंतराची ही जादू आपल्याला नवी नाही. आमच्या मिरजगावच्या बाजूला लग्नानंतर देवीचा गोंधळ घालतात. राशीनची यमाई जवळच असल्याने कर्जत तालुक्यात गोंधळाला मान मोठा. घरासमोर चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ, तुणतुणं आणि झांज. गोंधळ अंगणात बसून ऐकणं वेगळं आणि रात्री उशिरा चार शेतं ओलांडून ऐकणं वेगळं. लांबून आधी संबळ पोचतो. त्याच्या दोन भांड्यांपैकी जाड्या भांड्याचा घुमारा जमिनीवरून येतो, बारक्याचा कडकडाट वाऱ्यावर कमीजास्त होतो. तुणतुण्याची एकच तार, एकच स्वर, रात्रभर न हलता. शब्द कळत नाहीत, फक्त गोंधळ्याच्या आवाजाचा चढ कळतो आणि मधली सगळी जागा अंधाराची असते. अंगणातल्या माणसाला तो उत्सव वाटतो, शेतातल्या माणसाला त्याची भीती वाटते. गाणं तेच, वाजवणारे तेच. बदललं ते अंतर. हॅनेटने श्रोत्याला अंगणातून उचललं आणि शेतात नेऊन उभं केलं.

मुखपृष्ठाची हकिकत या संगीताला शोभणारी आहे. काळ्या पृष्ठभागावर बारीक पांढऱ्या रेषा, मधोमध उसळलेल्या, डोंगररांगांसारख्या दिसणाऱ्या. बँडचं नाव नाही, तबकडीचं नाव नाही. हल्ली हे चित्र आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलामुलींच्या टी-शर्टवरही दिसतं, आणि घालणाऱ्यांपैकी अनेकांना ते कशाचं आहे हे ठाऊक नसतं. ते डोंगर नाहीत. ते एका पल्सारचे रेडिओ ठोके आहेत.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्ट्या तपासत होती. एका ठिकाणाहून दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका येत होता, घड्याळासारखा नेमका. हा पहिला सापडलेला पल्सार: स्फोटानंतर उरलेला, प्रचंड घनतेचा, स्वतःभोवती गरगरणारा मेलेला तारा. त्याला नाव मिळालं सीपी १९१९. शोधाचं नोबेल १९७४ मध्ये तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मिळालं, तिला नाही, आणि हा अन्याय आजही बोलला जातो. पुढे अमेरिकेत हॅरोल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले या पल्सारचे ठोके संगणकाकडून एकाखाली एक रेखाटून घेतले आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात छापले. तिथून ती आकृती केंब्रिजच्या खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात गेली, तिथून बँडच्या हाती आली आणि त्यांनी ती पीटर सॅव्हिल या तरुण आरेखनकाराला दिली. विश्वकोशात पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या. सॅव्हिलने रंग उलटे केले. क्राफ्टला आपली आकृती जगभर फिरते आहे हे कळलं ते बऱ्याच काळाने.

पल्सारचे असेच ठोके ऐकणारं एक मोठं ठिकाण आपल्या दाराशी आहे. नगर जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. पल्सारचा अभ्यास हे तिचं एक प्रमुख काम. नारायणगाव म्हणजे तमाशाच्या फडांचं गाव. यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात, आणि काही मैलांवर मेलेल्या ताऱ्यांचा ताल टिपला जातो. संगीत आणि ताऱ्यांचे ठोके एकत्र पाहायची दृष्टी सॅव्हिलकडे होती. एखाद्या मराठी बँडला मुखपृष्ठ हवं असेल तर त्याने खोडदला एक चक्कर जरूर मारावी.

आता इयन कर्टिसबद्दल. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की तबकडी मागे पडते. तो मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात काम करी. अपंग लोकांना नोकऱ्या शोधून देणं हा त्याच्या कामाचा भाग होता. तिथे येणाऱ्या एका तरुणीला अपस्माराचे झटके येत आणि पुढे ती वारली. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' तिच्यावरून सुचलं. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनच्या कार्यक्रमाहून परतताना खुद्द कर्टिसला मोठा झटका आला आणि जानेवारी १९७९ मध्ये अपस्माराचं निदान झालं. त्या काळची औषधं माणसाला गुंगवून टाकणारी होती, रात्री-अपरात्रीचे कार्यक्रम आणि झगझगीत दिवे ही त्याच्या आजारात टाळायची गोष्ट होती, आणि ते टाळलं गेलं नाही. घर मोडत चाललं होतं, नैराश्य वाढलं होतं. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्याला निघायच्या ऐन तोंडावर, त्याने जीवन संपवलं. वय २३. आपण त्याच्या ओळी कधी नीट ऐकल्याच नाहीत, हे सोबत्यांनी नंतर सांगितलं आहे आणि त्यांना ते आजही सलतं.

मात्र 'अननोन प्लेझर्स' मृत्यूच्या आधी वर्षभर ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात पुढच्या घटनेची चिन्हं शोधत बसणं हा त्या माणसावरही अन्याय आहे आणि कामावरही. आजारी, थकलेल्या तरुणाला वेळेवर मदत हवी होती. त्याचं आजारपण म्हणजे त्याची कला नव्हे. कर्टिस लिहायला मेहनत घेई, बॅलार्ड, बरोज, काफ्का वाचे, आणि गाताना तरुण वयाला न शोभणारा खर्ज मुद्दाम लावी. ती कारागिरी होती. तिला झपाटलेपण म्हटलं की कारागिरीचं श्रेय जातं.

तबकडीनंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये या वाटेवर गर्दी झाली. सूझी अँड द बॅन्शीज आधीपासून होत्याच. बॉहाउसचं साडेनऊ मिनिटांचं 'बेला लुगोसीज डेड' १९७९ चंच. द क्युअरने १९८० ते १९८२ मध्ये 'सेव्हन्टीन सेकंड्स', 'फेथ' आणि 'पोर्नोग्राफी' अशा एकाहून एक काळ्या तबकड्या काढल्या. पत्रकारांनी या सगळ्याला 'गॉथिक' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तो वेशभूषेचाही प्रकार झाला: काळे कपडे, काजळ. जॉय डिव्हिजनचे चौघे मात्र कारकुनासारखा साधा शर्ट आणि पँट घालत. आयर्लंडच्या नवख्या यू-टू बँडनेही १९८० मध्ये एक गाणं हॅनेटकडून करून घेतलं. कर्टिसच्या मागे उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर हा बँड काढला आणि १९८३ च्या 'ब्लू मंडे'ने तो नृत्यगृहांत नेला.

१९८२ हे वर्ष दोन्ही शहरांच्या कहाणीत महत्त्वाचं आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. २१ मे १९८२ रोजी मँचेस्टरमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सने न्यू ऑर्डरच्या कमाईतून एका जुन्या गोदामवजा इमारतीत द हासिएंडा हा क्लब उघडला. एका शहरात गिरण्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या, दुसऱ्यात रिकाम्या जागांत संगीत शिरू लागलं होतं. मुंबईत ते व्हायला पंचवीस वर्षं लागली. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब सुरू झाला आणि देशोदेशीचे बँड तिथे वाजवून गेले. शेजारच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला.

मुंबईत रॉक नव्हतं असं नाही. रॉक मशीन हा बँड १९८४ मध्ये निघाला, १९९३ मध्ये त्याचं इंडस क्रीड झालं. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरू लागला आणि हजारो मुलं तिथे उघड्यावर उभी राहून ऐकत. वाजवणारे तयारीचे होते, महेश तिनईकरसारखा गिटारवादक कुठल्याही देशात उठून दिसला असता. पण त्या काळच्या मुंबई रॉकमध्ये मला गिरणगाव ऐकू येत नाही. रंगभवनापासून लालबाग लोकलने पाव तासावर, तिथे घराघरांत भांडी विकली जात होती, मुलांच्या शाळा सुटत होत्या, आणि गाणी मात्र अमेरिकेतल्या हमरस्त्यांची. भाषा इंग्रजी होती हे एक कारण, वर्ग वेगळा होता हे दुसरं. मँचेस्टरच्या पोरांनी ज्या गल्ल्या पडताना पाहिल्या, त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

गिरणगावाचा काळोख आपल्याकडे साहित्याने पेलला. नारायण सुर्व्यांनी 'माझे विद्यापीठ'मध्ये कामगाराचं शहर उभं केलं, नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ मध्ये त्याच शहराचा तळ दाखवला. संपानंतरची घरं जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकात आली: आई, तीन मुलगे, एक मुलगी आणि कामाविना पडलेले दिवस. त्यांच्या एका कथासंग्रहाच्या नावातच 'फिनिक्स' आहे. गाण्यात मात्र आपल्याकडे परंपरा शाहिरीची. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांची गाणी माणसं गोळा करणारी, मूठ वळायला लावणारी. डफ आणि कोरस हे त्यांचं बळ, आणि लढा चालू असताना तेच हवं असतं. लढा हरल्यानंतर, भोंगा थांबल्यानंतर जी शांतता पसरते तिचं वाद्यसंगीत करायला शाहिरीकडे साधन नव्हतं. रॉककडे ते होतं, पण ते मराठीत आलं नाही. मला ही मराठी संगीतातली खरीखुरी पोकळी वाटते. हॅनेटच्या यंत्रासाठी तेव्हा मोठी रक्कम लागे, आज डिलेची सोय फोनवरच्या फुकट ॲपमध्ये आहे. संबळ आहे, तुणतुणं आहे, आणि बंद पडलेले कारखाने फक्त परळातच आहेत असंही नाही.

तबकडी ऐकायची असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नये, त्यात बेस आणि खोल्यांचा खेळ दोन्ही हरवतात. साधे तारेचे हेडफोन पुरे. आधी 'शॅडोप्ले' लावावं, कारण त्यात गिटारला इतर गाण्यांपेक्षा मोकळीक आहे आणि नव्या कानाला धरून ठेवायला ती बरी पडते. मग 'इनसाइट', लिफ्टसाठी. त्यानंतर पहिल्यापासून सलग. हॅनेटने नेमकं काय केलं हे तपासायचं असेल तर १९८१ मध्ये निघालेला 'स्टिल' हा संग्रह शोधावा. त्यात २ मे १९८० च्या बर्मिंगहॅममधल्या त्यांच्या अखेरच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आहे, आणि 'डिसऑर्डर', 'शॅडोप्ले' व 'न्यू डॉन फेड्स' ही तीन गाणी दोन्हीकडे आहेत. 'डिसऑर्डर' आधी 'स्टिल'वर ऐकावं, लगेच 'अननोन प्लेझर्स'वर ऐकावं, आणि दोन्ही वेळा लक्ष फक्त स्नेअर ड्रमवर ठेवावं.